डबीतली नखं

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे. जिना चढून गुडघे बोंबलतायत, पण खोली बघितली आणि राग उतरला. मोठी खिडकी, कोरडी भिंत, ओटा माझ्या उंचीला बरोबर. तळमजल्यावर पावाची भट्टी आहे, त्यामुळे जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत ताज्या पावाचा वास. अशा वासात राहायला मिळतंय म्हटल्यावर माणसाने कुरकुर करू नये. मी तरी आज करणार नाही.

ही वही ठकीने दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर तोंडातल्या तोंडात जे पुटपुटतेस ते यात लिही, म्हणजे मास्तरांच्या कानावर जाणार नाही. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले, पण शिव्या लिहिण्याइतकी अक्षरं येतात.

ठकी म्हणजे माझी नात. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी मान ताठ धरून बसायची म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता घोडी झाली तरी सुटलं नाही. गिटार वाजवते. सिनेमातल्यासारखी उभ्याने गळ्यात अडकवून नाही, बसून, पाय चौरंगावर ठेवून, तोंड असं करून की जणू पोटात दुखतंय. दोनशे वर्षांपूर्वीचं संगीत म्हणे. त्या काळातली कितीतरी गाणी कुणी छापलीच नाहीत, ती फक्त या मास्तरांकडे आहेत, आणि मास्तर एका वेळी एकच शिष्य घरी ठेवून घेतात. अट एवढीच, की सोबत घरचं मोठं माणूस हवं, जेवणखाण बघायला. ठकीच्या आईला नोकरी सोडवत नाही, म्हणून वरात माझी.

मास्तर चांगले वाटले. वाळलेल्या मिरचीसारखे आहेत, पण बोलणं मऊ. बोटं वातामुळे मुळांसारखी पिळवटलीत, स्वतः वाजवता येत नाही. अक्रोडांची वाटी पुढे केली आणि फोडायला काहीतरी आणतो म्हणून उठले, तोवर मी दातांनी दोन फोडून खाल्लेसुद्धा. डोळे गेले, गुडघे गेले, पण माझे दात सगळेच्या सगळे जागेवर आहेत. मास्तर बघतच राहिले. असे दात फार दिवसांनी पाहिले म्हणाले. म्हातारा लाळ घोटत होता की काय देव जाणे.

४ फेब्रुवारी

सकाळी न्हाणीघरात गेले तर बादलीत काहीतरी पांढरं भिजत घातलेलं. मला वाटलं मास्तरांचे पायमोजे. म्हटलं घासून टाकावेत, म्हाताऱ्याला कोण आहे. हात घातला तर बुळबुळीत, लांबच्या लांब, संपेचना. मेंढीची आतडी! मी किंचाळले ती खाली भट्टीपर्यंत ऐकू गेली असेल.

ठकी धावत आली आणि हसत सुटली. त्या काळी प्लास्टिकच्या तारा नव्हत्या, आतड्याच्या असायच्या. साफ करायची, पीळ द्यायचा, ताणून वाळवायची. मास्तर अजून स्वतः करतात, कारण ते संगीत आतड्यावरच खरं वाजतं. मी म्हटलं, कपडे वाळत घालायच्या दोरीवर मेंढीचं पोट वाळतंय आणि खाली माझा टॉवेल, हे कुठल्या काळातलं संगीत? तर पोरगी मला समजावते, की त्या काळात लोकांना मनातलं सगळं बाहेर काढायची घाई झाली होती, प्रेम, मरण, वादळ, चंद्र, सगळं. मी म्हटलं, पोटातलं एकदम बाहेर येतं त्याला आमच्यात ओकारी म्हणतात.

हात तीनदा साबणाने धुतले. वास जात नाही.

खाली पाव आणायला गेले. भट्टीवाल्याने डाव्या हाताने पाव दिला. उजव्या हातात एवढ्या उष्णतेतही मोजा. मळतोसुद्धा डाव्यानेच. मी मनातल्या मनात त्याला डावरा म्हणते.

८ फेब्रुवारी

ठकीला महिनाअखेरीला मोठ्या सभागृहात बसायचंय. आजवर कुणी न ऐकलेली गाणी वाजवायची आणि ती जमली की पुढचा रस्ता मोकळा, परदेश, नाव, सगळं. लहानपणापासून पोरीने याखेरीज काही मागितलं नाही. म्हणून मी गप्प बसते.

पण या लोकांचं नखांचं प्रकरण मला झेपत नाही. डाव्या हाताची नखं मांसापर्यंत कापायची, उजव्या हाताची वाढवायची. वाढवायची म्हणजे लाड करायचे. बारीक काचकागदाने घासायचं, तेल चोळायचं, उजेडात धरून बघायचं. करंगळी तेवढी रिकामी, तिला काम नाही. नखं मोडतील म्हणून भांडी घासायची नाहीत, बटाटे सोलायचे नाहीत. ही विद्या मला वेळेवर मिळती तर माझा संसार निराळा झाला असता. आणि डाव्या हाताची बोटं तारांवर घासून घट्टे पडतात, ते सोलून पोरगी जेवणाच्या टेबलावर ठेवते. काल मी मीठ समजून पुसायला गेले.

मास्तर ते कातडीचे तुकडे बोटाने टिपून घेतात. कुठे टाकतात ते मी बघितलं नाही. बघायचंही नाही.

१० फेब्रुवारी

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना ठकीचं अनामिकेचं नख मुळापासून तुटलं. तिचा चेहरा असा पडला जणू पाय तुटला. तिच्याकडे त्याचीही सोय होती. पिंगपाँगचा चेंडू कात्रीने कापते, नखाएवढा तुकडा गोंदाने चिकटवते, घासते, झालं. मला आवडली युक्ती. निदान स्वच्छ.

मास्तरांनी तो तुकडा पाहिला आणि नाक मुरडलं. चेंडूने खेळावं म्हणाले. मग कोटाच्या आतल्या खिशातून हाडाची छोटी डबी काढली आणि जेवणाच्या टेबलावर, पावाशेजारी, उघडली. आत कापसावर चार नखं. माणसाची. पिवळी, जाड, टोकाशी घासून घासून गुळगुळीत झालेली. माझ्या गुरूंकडून आली, म्हणाले, आणि त्यांच्याकडे त्यांच्या गुरूंकडून. मुळात ज्याने ही गाणी रचली त्याची.

मेलेल्या माणसाचं नख! मी ठकीचा हात धरला. तिने सोडवून घेतला आणि अनामिकेचं नख गोंदाने चिकटवून घेतलं. म्हणाली, आजी, तुला यातलं कळत नाही. खरं आहे. मला एवढंच कळतं, की त्या बोटाने ती संध्याकाळी पाव मोडून खात होती, आणि मला घास गिळवला नाही.

१२ फेब्रुवारी

वाजवते सुंदर. लिहिते, कारण खोटं लिहायला मी वही घेतलेली नाही. एका तारेवर तीन बोटं पाठोपाठ पळवतात आणि अंगठा खाली संथ चालतो, त्यामुळे सूर तुटतच नाही, पाणी वाहावं तसा राहतो. डोळे मिटून ऐकलं तर माणूस विरघळेल. मी उघडे ठेवले. उताण्या पडलेल्या झुरळाचे पाय हलतात तशी ती बोटं हलत होती.

गाणं संपलं तेव्हा मी विचारलं, हे कधी शिकलीस? ठकी म्हणाली, अजून शिकवलंच नाहीये. अनामिकेलाच पुढचं ठाऊक असतं, बाकीची बोटं तिच्यामागून जातात. हे सांगताना खूश होती. मास्तर कोपऱ्यात बसून ओठ चाटत होते.

त्या नखाला वास येतो. शिळ्या दुधात ओली लोकर बुडवावी तसा.

१४ फेब्रुवारी

दुपारी ठकीचा डोळा लागला तेव्हा मी कोमट साबणपाणी घेऊन बसले. गोंद सुटतोच साबणाने. नख सुटेना. चष्मा लावून बघितलं. गोंद कुठेच नाही. खाली चंद्रकोर आली आहे. कडेची कातडी त्याच्यावर चढून घट्ट बसली आहे. जरा उचकटलं तर रक्त आलं, आणि ठकी जागी न होता तिच्या त्या बोटाने मला ओरबाडलं. बाकीचा हात निजलेलाच होता.

नख वाढतंय. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं नख माझ्या नातीचं खाऊन वाढतंय.

मास्तरांना मी सांगितलं, आम्ही उद्या निघतो. ते म्हणाले, जरूर. ठकीला विचारा. ठकी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. म्हणाली, तुला जायचं तर जा.

कशी जाऊ?

१७ फेब्रुवारी

सकाळी सूप पिताना माझ्या चमच्यात काहीतरी आलं. कांद्याचं साल समजून मी चावलं.

ठकीच्या मधल्या बोटाचं नख.

तिला कळलंच नव्हतं गळून पडलेलं. दुखलं नाही म्हणे. मी मोरीत जाऊन पोट रिकामं केलं. परत आले तेव्हा डबी उघडी होती आणि मास्तर तिचं बोट हातात धरून बसवत होते. गोंद वगैरे काही नाही. नुसतं ठेवलं, आणि ते बसलं. गोचीड बसते तसं.

मी मास्तरांना तोंडाला येईल ते बोलले. इथे लिहीत नाही, वही जळेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आजीबाई, आज पाव आणलात का?

१८ फेब्रुवारी

तिसरंही बसलं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं. आता डबीत फक्त अंगठ्याचं राहिलंय.

ठकी दिवसभर वाजवते. मला आजी म्हणत नाही. बोलतेच कमी. दुपारी वेणी घालायला बसवलं तर मागे हात करून तिने माझ्या गालावरून बोटं फिरवली. हळूच, गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून मानेवर. ते बोट माझ्या नातीचं नव्हतं. पुरुष असा हात फिरवतो. मी थोबाडीत मारली. कुणाच्या, ते कळत नाही. रडली ती ठकी. हात हसत होता, म्हणजे बोटं मिटत होती, उघडत होती.

अंगठा बसला की पुरा येईल तो.

१९ फेब्रुवारी

पाव आणायला गेले ती तिथेच गोणीवर बसले. रडले नाही. डावऱ्याने भट्टीचं दार लावलं आणि न विचारता उजव्या हातातला मोजा काढला. चार बोटांना नखंच नाहीत. जिथे नख असतं तिथे गुलाबी, ओलसर मांस, उंदराच्या पिल्लासारखं. करंगळीला तेवढं आहे.

तो ठकीच्या आधीचा शिष्य. त्याला चारही बसवली होती. अंगठा रुजला नाही, म्हणून मास्तरांनी सगळी परत काढली. चिमटा चालत नाही, पक्कड चालत नाही, नख आत पळतं. दातांनी काढायची. मास्तरांना तेव्हा दात होते, त्यातले बरेच त्या कामात गेले. डावरा म्हणाला, शेजारी दुधाचा वाडगा ठेवला होता, दर वेळी लगेच त्यात थुंकायचे. का, ते मी विचारायला हवं होतं. पण माझं डोकं दातांपाशीच थांबलं.

मी म्हटलं, दात माझ्याकडे आहेत.

तो म्हणाला, आई, सांभाळून. मला त्याने आई म्हटलं. घरी परत का गेला नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, कधीतरी वरून ऐकू येतं ना, तेवढ्यासाठी.

२० फेब्रुवारी

मास्तर खाटकाकडे गेले तेवढ्यात केलं.

ठकीला पलंगाला बांधली. माझ्याच जुन्या लुगड्याने. दूध शेजारी. तिच्या डोळ्यांत बघितलं नाही, हाताकडेच बघितलं.

पहिलं मधल्या बोटाचं. पुढच्या दातांत धरलं आणि ओढलं. चव सांगते. जुन्या तेलाची, पुवाची, आणि खाली गोड. मुळं होती त्याला. बारीक, पांढरी, लांब. ती येत राहिली येत राहिली. दुधात थुंकले. दूध नासलं.

दुसरं अंगठ्याशेजारच्या बोटाचं. ठकी ओरडत होती, आजी म्हणून ओरडत होती, तेव्हा बरं वाटलं. पुन्हा आजी झाले होते.

तिसरं अनामिकेचं. मी धरायच्या आधी बोटच माझ्या तोंडात शिरलं. जीभ दाबली. घशापर्यंत गेलं. मी ओढलंच नाही हो, ते आपणहून सुटलं, आणि बोट रिकामं बाहेर आलं. मी थुंकायला वाकले —

थुंकायला काही नव्हतं.

२१ फेब्रुवारी

पहाटेच निघालो. मास्तरांनी अडवलं नाही. ठकीची बोटं फडक्यात बांधलेली. गिटार तिथेच सोडलं. ती शुद्धीवर आहे. भूक लागली म्हणाली. मला विचारलं, आजी, नखं परत येतील ना? म्हटलं, येतील, आणि नाही आली तर भांडी घासशील.

गाडीत बसलो. खिडकीजवळ ती, शेजारी मी. गाडी सुटायला थोडा वेळ होता. तेव्हा माझ्या पोटात वाजलं.

आधी वाटलं, उपाशी आहे. पण पोट गुरगुरतं ते असं नाही. एक सूर. मग दुसरा. एका तारेवर पाठोपाठ. आतड्याच्या तारेवर.

मी ठकीकडे बघितलं. तिला कळलं नव्हतं. पण फडक्यातली बोटं पिशवीवर हलायला लागली होती.

चष्मा विसरले म्हणून खाली उतरले. पुढच्या गाडीने येते म्हटलं. चष्मा नाकावरच होता, पोरीच्या लक्षात आलं नाही. गाडी हलली. मी हात केला नाही. हात पोटावर दाबून धरला होता.

दुसरीकडे कुठे जावं म्हणून उलट्या दिशेला चालले. प्रत्येक पावलाला आत ताण पडतो. दुमडून रस्त्यावर बसले. मास्तरांच्या घराकडे वळलं की सैल होतं.

२३ फेब्रुवारी

मास्तर रागावले नाहीत. समोर खुर्ची घेऊन बसतात, गिटार मांडीवर. त्यावर तार नाही, एकही नाही. खुंटी पिळतात आणि मी आतून आवळते. पुन्हा पिळतात. कान लावून ऐकतात. सूर जुळवतायत.

म्हणाले, इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मेंढ्या, मेंढ्या, आणि जिवंत तार स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशीच उभी.

जेवण जात नाही. पावाच्या वासाने मळमळतं. ओकारी येते, पण बाहेर पडत नाही. वर येताना सूर होते.

२४ फेब्रुवारी

दूध प्यायले, वाडगाभर, मग घशात बोटं घातली. नख आलं नाही. दुधाचा दगड झाला. तोही आत वाजतो.

डावरा न्यायला आला होता. दारात उभा राहिला, माझं पोट ऐकलं, आणि मोजा काढून खाली बसला. डोळे मिटून. त्याला लाथ मारून हाकलला. जाताना रडत होता. सुखाने.

पातळ झालंय सगळं आत. ताणून ताणून. दोरीवर वाळतंय तसं.

२६ फेब्रुवारी

मास्तर म्हणतात तोंड उघडा. आवाजाला भोक लागतं. गिटारच्या लाकडालाही ठेवतातच ना.

नाही उघडत. आयुष्यभर या तोंडाला कुणी बंद करू शकलं नाही, आता उघडू शकणार नाही. दात आवळून बसले आहे. बोलत नाही, खात नाही. नाकाने श्वास.

आतून चढतंय. काल छातीपाशी होतं.

२७ फेब्रुवारी

मास्तरांनी ठकीला फोन केला. माझ्यासमोर. मऊ आवाजात. आजी अंथरुणाला खिळलीय, तुझंच नाव घेते म्हणाले. नाव कुठलं घेते, मी तोंड —

डबी टेबलावर. त्या नासलेल्या दुधातून काढून पुसून ठेवलीत बाकीची. कापसावर. अंगठ्याचं धरून तीन. चौथ्याची जागा मोकळी.

नको येऊस पोरी. तुझी आई येऊ देणार नाही. तिला माझं डोकं आहे.

२८

जिन्यात पावलं. ओळखीची. दोन दोन पायऱ्या एकदम.

मास्तर पाव आणायला खाली गेलेत. आज स्वतः. दार नुसतं लोटलेलं.

ठकी, आत येऊ नकोस. मी बरी आहे. ओ देत नाही कारण तोंड उघडलं की ते बाहेर येईल आणि तू ऐकशील. हे पान फाडून दाराखालून सरकवते, वाच आणि फीर मागे.

हाक मारतेस. ऐकू येतंय ग. जबडा पंच्याने बांधलाय. दात घट्ट. माझे दात कुणाला हार गेले नाहीत.

आतून दातांवर नख वाजतंय. एकेका दातावर, पाठोपाठ. सैल शोधतंय.

तू हाक मारायची थांबलीस. का थांबलीस? दारावर ती बोटं कुणाची वाजतायत, ठकी, ताल नको धरूस, खाली उतर, मागे बघू नको, मी पान फाडतेय, हे बघ, आत्ता, आईला सांग आजीने तोंड उघ